एका वेलांटीचा फरक

आमच्या घराण्यात विद्येचे वावडे कधी कोणास नव्हते. परंतु विद्या कोठवर घ्यावयाची ह्याची प्रत्येक पिढीस एक ठरलेली मर्यादा होती. आजोबांच्या काळी ती वेदपठणापाशी संपे, वडिलांच्या काळी व्हर्नाक्युलर फायनलपाशी, आमच्या काळी जुन्या अकरावीच्या मॅट्रिकपाशी, आणि आमच्या पुतण्याच्या काळी इंजिनियरिंगच्या पदवीपाशी. पदवी झाली, नोकरी लागली, डोक्यावर अक्षता पडल्या की शिक्षण संपले, असा आमच्या घरचा अलिखित कायदा होता. तो कायदा आमच्या वडील बंधूंच्या नातीने मोडला. २०१९ साली पुण्याची बऱ्या पगाराची नोकरी सोडून ती दक्षिणेकडील एका मोठ्या संस्थेत वायुयान व अवकाशयान विद्येतील डॉक्टरेटसाठी दाखल झाली. त्यानंतरच्या सहा वर्षांची हकीकत, आणि तीत आमच्या हातून घडलेला एक प्रमाद, वाचकांपुढे ठेवावा असे बरेच दिवस मनात होते. संस्थेचे नाव सांगण्याचे कारण नाही. जे सांगावयाचे आहे ते आमच्याच घरातले आहे.

ती जावयास निघाली तेव्हा घरात मोठी चर्चा झाली. आमचे वडील बंधू हिशेबाचे पक्के. त्यांनी कागदावर दोन रकाने पाडले. एकात सोडावयाचा पगार मांडला, दुसऱ्यात मिळावयाची विद्यावृत्ती. ती त्या वेळच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३१,००० रुपये व पुढे ३५,००० रुपये अशी होती. (२०२३ च्या जानेवारीपासून हे दर ३७,००० व ४२,००० झाले.) शिकण्यासाठी पैसे मिळतात हे नवल खरे, परंतु मिळविण्याच्या वयात शिकत बसावे हे त्याहून मोठे नवल, असा बंधूंनी अभिप्राय दिला. वहिनींची शंका निराळी होती. "विमाने तर रोज उडताहेत. आता त्यांत शोधून काढायचे राहिले तरी काय?" असे त्यांनी विचारले. ह्या प्रश्नाचे उत्तर आम्हां कोणासच देता आले नाही. शेवटी निकाल आमच्याकडे आला; कारण आम्ही उभा जन्म शाळामास्तरकीत घालविलेला, आणि तरुणपणी वाईस एका वृद्ध शास्त्र्यांपाशी थोडेबहुत व्याकरण वाचलेले, तेव्हा विद्येच्या बाबतीत शेवटचा शब्द आमचा, अशी घरात रूढी पडली आहे. आम्ही अनुकूल मत दिले. मात्र चार वर्षांत सारे आटोपले पाहिजे, अशी अट घातली. मास्तर मंडळींस वेळापत्रकाची सवय असते. तास वाजला की विषय संपला!

डॉक्टरेट म्हणजे काय, ह्याविषयी आमची समजूत भाबडीच होती. मॅट्रिकहून बी. ए. मोठी, बी. ए. हून एम. ए. मोठी, आणि त्या सर्वांच्या शिरावर पीएच. डी.; म्हणजे तीत पुस्तके अधिक जाड आणि परीक्षा अधिक कठीण, इतकेच आम्ही धरून चाललो होतो. वास्तविक पुस्तकांचा व परीक्षांचा भाग पहिल्या वर्षा-दीड वर्षातच संपतो. नेमलेल्या विषयांचे अध्ययन होते, त्यानंतर एक सर्वंकष परीक्षा होते, आणि तेथून पुढे विद्यार्थ्यापुढे ना पाठ्यपुस्तक, ना प्रश्नपत्रिका. प्रश्नच त्याने शोधावयाचा. तो असा हवा की ज्याचे उत्तर अद्याप कोणास ठाऊक नाही, आणि तरीही इतका आटोपशीर हवा की एका माणसास काही वर्षांत ते उत्तर हाती यावे. मार्गदर्शक प्राध्यापक वाट दाखवितात, परंतु चालावयाचे आपणच. मधूनमधून समितीपुढे झाडा द्यावा लागतो; लिहिलेले निबंध परक्या विद्वानांकडून तपासून घ्यावे लागतात; अखेरीस प्रबंध बाहेरच्या परीक्षकांकडे जातो आणि तोंडी परीक्षा होते. आम्ही आयुष्यात हजारो उत्तरपत्रिका तपासल्या. परंतु ज्या प्रश्नाचे उत्तर परीक्षकासही अगोदर ठाऊक नाही, अशी परीक्षा आमच्या कल्पनेत कधी आली नव्हती.

२०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी झाली आणि नात घरी आली. त्या काळात वहिनींच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले, तेही देवघरात. संध्याकाळची उदबत्ती लावली होती. नात म्हणाली, "आजी, हा धूर बघ. काडीपासून वीतभर कसा सुतासारखा सरळ जातो आणि मग एकाएकी कसा विस्कटतो. तो नेमका कोठे विस्कटणार हे आधी सांगता येत नाही. मी तेच शिकते आहे." मग तिने आम्हांस माजघरातला विजेचा पंखा बंद करून त्याचे पाते दाखविले. त्यावर धुळीचा थर होता. एवढ्या वेगाने फिरणाऱ्या पात्यावर धूळ बसते कशी? तर पात्याच्या अंगाला लागलेली हवा त्याला चिकटून त्याच्याबरोबरच फिरते. त्याच्यावरून ती वाहत नाहीच. थोड्या अंतरावर मात्र तिचा पूर्ण वेग असतो. ह्या दोहोंमधला जो पातळ थर, त्यास सीमास्तर म्हणतात. तो कोठे उदबत्तीच्या धुरासारखा संथ असतो, तर कोठे विस्कटून खळबळलेला. ध्वनीच्या पाचपटीहून अधिक वेगाने जाणारे यान वातावरणात शिरते तेव्हा त्याच्या अंगावरचा हा थर जेथे खळबळू लागतो, तेथून त्यास लागणारी उष्णता एकदम कित्येक पटींनी वाढते. ती जागा आधी कळली तर उष्णतेपासून बचावाचे कवच कोठे किती जाड करावे हे ठरते. कवच फाजील जाड केले तर यान जड होते; पातळ राहिले तर आतील माणसे जळतात. वहिनींनी पंखा पुसावयास घेतला, परंतु त्या दिवसानंतर "राहिले तरी काय?" हा प्रश्न त्यांनी पुन्हा विचारला नाही.

त्या टाळेबंदीतच आम्ही ह्या विद्येचा पूर्वेतिहास तिच्याकडून ऐकला. सीमास्तराची कल्पना लुडविग प्रांटल ह्या जर्मन पंडिताने १९०४ साली हायडेलबर्ग येथील गणितज्ञांच्या परिषदेत मांडली. सारा निबंध सात-आठ पृष्ठांचा. पुढे ह्या प्रांटलच्या हाताखाली गॉटिंगेन येथे डॉक्टरेट मिळविणाऱ्यांत कोल्हापूरकडचा एक मराठी तरुण होता, हे ऐकून आम्ही चकित झालो. त्यांचे नाव विष्णु माधव घाटगे. स्वदेशी परतल्यावर त्यांनी बंगळूरास हिंदुस्थान एअरक्राफ्ट कारखान्यात काम केले, आणि त्यांच्या नेतृत्वाखाली आखलेले एच. टी. २ हे शिकाऊ वैमानिकांसाठीचे विमान १९५१ साली प्रथम आकाशात गेले. आमचे घर कोल्हापुरापासून फार दूर नाही. तरी शाळेत इतकी वर्षे थोरांच्या जयंत्या साजऱ्या करूनही हे नाव आमच्या फळ्यावर कधी लिहिले गेले नव्हते, ह्याची आम्हांस खंत वाटली.

दुसरे नाव सतीश धवन ह्यांचे. १९७२ साली भारताच्या अवकाश संशोधनाची धुरा त्यांनी हाती घेतली हे सर्वश्रुत आहे. परंतु ते पंजाब विद्यापीठाचे इंग्रजी वाङ्मयाचे एम. ए. देखील होते, आणि १९५१ साली अमेरिकेत कॅलटेक येथे त्यांनी डॉक्टरेट मिळविली, हे आम्हांस नव्याने कळले. त्यांच्या संशोधनाचा विषय काय? तर सपाट पृष्ठावरून वारा वाहताना त्यास जे घर्षण होते ते प्रत्यक्ष मोजणे. पृष्ठाचा एक लहानसा तुकडा सुटा ठेवावयाचा आणि वारा त्यास किती ओढतो हे अत्यंत नाजूक यंत्राने पाहावयाचे. एवढा मोठा माणूस, आणि प्रारंभ एका तुकड्यापासून! आम्हांस आमच्या शास्त्रीबुवांची आठवण झाली. पाणिनीच्या सुमारे चार हजार सूत्रांपैकी एका सूत्रावर त्यांनी आम्हांस सबंध चातुर्मास बसविले होते. तेव्हा आम्ही मनातून चरफडलो होतो.

२०२१ च्या डिसेंबरात आम्ही व आमचे कुटुंब नातीची प्रयोगशाळा पाहावयास गेलो. जमिनीशी समांतर अशी एक लांबलचक पोलादी नळी, आणि तिच्या शेवटी एक पिंप, असे त्या यंत्राचे बाह्य रूप होते. नळीच्या एका भागात हेलियम वायू प्रचंड दाबाने भरतात. मध्ये ॲल्युमिनियमचा पडदा असतो. दाब वाढता वाढता तो पडदा फुटतो, आघाताची एक लाट नळीतून धावते, आणि तिने तापलेली हवा टोकाच्या नळकांड्यातून बाहेर पडून ठेवलेल्या नमुन्यावर आदळते. एका सेकंदाचे हजार भाग केले तर त्यांतील एखाद-दुसरा भाग एवढाच काळ तो प्रयोग चालतो. आम्ही कान झाकून उभे होतो. धाडकन आवाज झाला आणि संपले. आमच्या कुटुंबाने विचारले, "आता सुरू होणार ना?" सगळे हसले. त्या एका क्षणासाठी नातीची अडीच आठवडे तयारी चालली होती.

त्या नमुन्यावर प्लॅटिनमच्या अगदी पातळ पट्ट्या एका ओळीत बसविलेल्या असतात. उष्णता लागली की पट्टीचा विद्युत्‌रोध वाढतो, त्याची नोंद होते, आणि पट्टी ज्या चिनी मातीसारख्या पदार्थावर बसविली आहे तो उष्णता किती शोषतो हे ठाऊक असले म्हणजे त्या जागी किती उष्णता लागली ते काढता येते. हे तपशील आम्ही मुद्दाम देत आहो. कारण पुढील सर्व प्रकरण ह्यातच आहे.

परत आल्यावर मिरजेकडील एका सुशील घराण्याकडून नातीस मागणी आली. मुलगा तिच्याही मनास आला. त्या मंडळींनी विचारले, शिक्षण कधी संपणार? आम्ही जुन्या अटीच्या भरवशावर "२०२३ च्या दिवाळीपर्यंत निश्चित" असा शब्द दिला. नातीस न विचारता दिला, हेही येथे कबूल केले पाहिजे.

२०२२ च्या पावसाळ्यात तिचे पत्र आले. (आम्हांस अद्याप पत्राचीच सवय आहे, आणि ती आमच्यासाठी ती पाळते.) तिने लिहिले होते की, पट्ट्यांखालील पदार्थाचा जो गुणांक ती छापील कोष्टकातून घेत आली होती, तो तिने सहज म्हणून स्वतः मोजून पाहिला, तेव्हा प्रत्येक पट्टीगणिक निराळा निघाला, काहींत तर शेकडा आठांपर्यंत फरक पडत होता. जुन्या पट्ट्यांपैकी बहुतेक प्रयोगांत झिजून टाकून दिलेल्या. त्या पुन्हा मोजून आकडे दुरुस्त करण्याची सोय उरली नव्हती. म्हणजे चौदा महिन्यांची निरीक्षणे संशयास्पद झाली. तिने मार्गदर्शकांस सर्व सांगितले, आणि ती निरीक्षणे बाजूस ठेवून नव्याने आरंभ करावयाचे ठरले. त्यास एक-दीड वर्ष अधिक लागणार होते.

आमच्या डोळ्यांपुढे प्रथम काय आले? मिरजेची मंडळी, आणि आम्ही दिलेला शब्द. त्याच रात्री आम्ही उत्तर लिहिले. त्यातील एक वाक्य आम्हांस आजही टोचते. आम्ही लिहिले, "शेकडा आठ म्हणजे काही फार नव्हे. शंभरांत ब्याण्णव गुण मिळविणारा विद्यार्थी आम्ही पहिल्या वर्गात उत्तीर्ण करीत आलो. तुझ्याखेरीज ही गोष्ट कोणाच्या ध्यानात आलीही नसती. मोठ्या कामात इतके चालते."

आठ दिवसांनी तिचे उत्तर आले. पत्र लहानच होते. "ती. धाकटे आजोबांस शिरसाष्टांग नमस्कार. मी तिसरीत असताना तुम्ही माझे शुद्धलेखन तपासले होते. पानभर लिहिण्यात एकच वेलांटी चुकली होती आणि तुम्ही सबंध पान पुन्हा लिहावयास लावले. मी रडत विचारले होते की एका वेलांटीने काय बिघडते. तुम्ही म्हणालात, एका वेलांटीने दिनाचा दीन होतो. तेव्हापासून मला ते विसरता आले नाही. मी पान पुन्हा लिहीत आहे. लग्नाचे तुम्ही म्हणाल तसे त्यांना कळवावे. मला वाईट वाटेल, पण दुसरे करता येणार नाही."

आम्ही ते पत्र कोणास दाखविले नाही. दोन दिवस आम्हांस अन्न गोड लागले नाही. जन्मभर मुलांच्या वह्यांवर लाल शाईने रेघा ओढणाऱ्या माणसाने, आपल्या शब्दाची पत राखण्यासाठी, आपल्याच नातीस चुकीचे पान तसेच पुढे रेटावयास सांगितले होते. परक्या कोणी असे सांगितले असते तर त्यास आम्ही उंबऱ्याआत येऊ दिले नसते.

त्या दिवसांत आम्हांस वारंवार २००३ सालचा फेब्रुवारी आठवे. कोलंबिया यान परत येत असता १ तारखेस आकाशात भंगले, त्याची बातमी आम्ही ओसरीवर मोठ्याने वाचली होती आणि सहा वर्षांची नात आमच्या मांडीशी बसून ऐकत होती. त्यातील सात जणांत कल्पना चावला होत्या. कर्नालच्या ह्या मुलीने १९८८ साली अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठातून ह्याच विद्येची डॉक्टरेट मिळविली होती. उड्डाणाच्या वेळी इंधनटाकीवरील फेसाचा एक तुकडा निखळून डाव्या पंखाच्या कडेवर आदळला, तेथे भोक पडले, आणि परतीच्या वाटेवर तापलेली हवा त्यातून आत शिरली. आघात झाल्याचे चित्रफितीत दिसले होते. तरीही जोखमीचे काही नाही, असाच निष्कर्ष जबाबदार मंडळींनी त्या वेळी काढला होता. म्हणजे "इतके चालते" हेच ते वाक्य! आमच्या नातीच्या प्रयोगाचा त्या अपघाताशी संबंध नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तिचे आकडे छापले गेले असते तर कोणीतरी ते विश्वासाने घेतले असते, त्यावर पुढचे गणित केले असते, आणि ती चूक कोठे जाऊन उभी राहिली असती हे कोणी सांगावे?

मिरजेच्या मंडळींस आम्ही स्वतः जाऊन सर्व सांगितले. ती सज्जन होती. परंतु त्यांस थांबणे शक्य नव्हते, आणि त्यांचा दोष नव्हता. ते बोलणे तेथेच संपले. नातीने फोनवर "बरे" इतकेच म्हटले. त्या रात्री वहिनी देवघरात बराच वेळ बसून होत्या. विद्येची किंमत मांडताना आमच्या बंधूंच्या दोन रकान्यांत हा आकडा कोठेच नव्हता.

तिने पट्ट्या पुन्हा बनविल्या. प्रत्येक पट्टी वापरण्यापूर्वी मोजली आणि तिचा गुणांक वहीत लिहून ठेवला. काम दीड वर्षाऐवजी पावणेदोन वर्षे चालले. २०२५ साली तिची तोंडी परीक्षा झाली आणि डॉक्टरेट मिळाली. आम्ही सर्व घरची मंडळी सभागृहाच्या मागील बाकांवर बसलो होतो. भाषण आम्हांस समजले नाही. परंतु एका परीक्षकाने विचारले की, आरंभीची निरीक्षणे का टाकली? तेव्हा तिने अडखळता न होता सर्व सांगितले, आणि तो वृद्ध गृहस्थ मान डोलावून काहीतरी टिपून घेऊ लागला, एवढे आम्ही पाहिले.

ज्यांच्या घरी असा एखादा मुलगा वा मुलगी संशोधनास बसली आहे, त्यांस दोन शब्द सांगण्याचा अधिकार आम्हांस ह्या चुकीनेच मिळाला आहे, असे आम्ही समजतो. "कधी संपणार?" हे त्यांस विचारू नये, ते त्यांस स्वतःसच ठाऊक नसते, आणि आपल्या विचारण्याने नुसती घाई होते. "सध्या काय आढळले?" असे विचारावे. उत्तर कळले नाही तरी चालेल. सांगता सांगता त्यांचेच मन मोकळे होते. त्यांच्या वतीने कोणास तारखेचा शब्द देऊ नये. आणि काम फसले असे त्यांनी सांगितले तर तेच वर्ष वाया गेले असे म्हणू नये. आमच्या अल्पमतीप्रमाणे डॉक्टरेटचा खरा अभ्यास नातीने त्याच वर्षी केला.

प्रबंधाची एक प्रत आता आमच्या कपाटात, जुन्या कौमुदीच्या शेजारी आहे. इंग्रजी आम्हांस मॅट्रिकपुरतेच येते, आणि आत गणितच फार आहे. परंतु शेवटच्या परिशिष्टात टाकून दिलेल्या चौदा महिन्यांच्या निरीक्षणांचे कोष्टक तिने छापले आहे, आणि ती का टाकली ह्याचे कारण खाली चार ओळींत दिले आहे. त्या चार ओळी आम्ही शब्दकोश घेऊन वाचल्या. त्या पानावर आम्ही पेन्सिलीने तारीख घातली आणि आमच्या जुन्या सवयीप्रमाणे खाली लिहिले, "तपासले. बरोबर आहे."